सर्व्हरच्या डिस्कची वाटणी: काय वेगळं माउंट करायचं आणि कशाला किती जागा द्यायची?

सह्यकडा

नवा सर्व्हर रॅकमध्ये बसतोय. एकदा डेटा भरला की वाटणी बदलणं जिकिरीचं होतं, म्हणून इन्स्टॉल करण्याआधीच विचारतो.

रॅम ६४ जीबी. ४८० जीबीच्या दोन एसएसडी, मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा). १.९२ टीबीच्या दोन एनव्हीएमई, त्याही मिररमध्ये. डेबियन १२, पोस्टग्रेस १५, पुढे एनजिनएक्स, मागे एक जावा ॲप्लिकेशन (हीप, म्हणजे त्याला दिलेली मेमरी, २४ जीबी). लोक स्कॅन केलेली कागदपत्रं अपलोड करतात, सरासरी ३०० केबीची एक फाइल. ॲप्लिकेशन आणि एनजिनएक्सचे लॉग मिळून रोज साधारण २ जीबी.

कच्चा आराखडा असा: रूट ३० जीबी, /यूएसआर २०, /व्हार ५०, /टीएमपी १०, /होम २००, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) १२८. एनव्हीएमईवर एकच मोठं पार्टिशन, /डेटा या नावानं, त्यात डेटाबेस आणि अपलोड्स दोन्ही.

प्रश्न: हे बरोबर आहे का? फाइलसिस्टिम एक्सएफएस की एक्सटी४? लॉगला किती जागा? आणि एवढे भाग करायची खरंच गरज आहे का, की सगळं एकाच रूटमध्ये ठेवलं तरी चालतं?

(पाथ आणि कमांड बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, उत्तरं देतानाही तसंच ठेवूया.)

काळीमाती

आराखड्यात मेहनत दिसते, पण आकडे उलटे पडलेत. जे वाढणार नाही त्याला भरपूर जागा आहे आणि जे वाढणार आहे ते एकत्र कोंबलंय.

वाटणी करताना प्रत्येक डिरेक्टरीला दोन प्रश्न विचारा. ही आपल्या नकळत वाढते का? आणि ही भरली तर कोण पडतं? दोन्हींचं उत्तर गंभीर असेल तरच ती वेगळी करा. बाकी सगळं रूटमध्ये राहू द्या.

/यूएसआर नकळत वाढत नाही. पॅकेज टाकलं की वाढतं, आणि पॅकेज आपणच टाकतो. शिवाय डेबियन १२ मध्ये /बिन, /एसबिन, /लिब हे सगळे /यूएसआरकडे जाणारे सिमलिंक (नुसते दुवे) आहेत. /यूएसआर वेगळं ठेवलं तर ते इनिटरॅमएफएसलाच (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम) माउंट करावं लागतं. पदरात काही पडत नाही आणि बूटच्या वाटेत एक जास्तीचा खिळा राहतो. काढून टाका.

सर्व्हरवर /होमला २०० जीबी कशाला? लॉगिन करणारे चार-पाच जण असतील. १० पुरेत. वेगळं ठेवायचं कारण एवढंच, की कुणी घरात डेटाबेसचा डम्प काढला तरी रूट भरू नये.

स्वॅप १२८ म्हणजे "रॅमच्या दुप्पट" हा जुना नियम. रॅम मेगाबाइटमध्ये मोजायचे तेव्हाचा. ६४ जीबी रॅमला ४ ते ८ जीबी स्वॅप बस्स. पोस्टग्रेस आणि जावा १०० जीबी स्वॅपमध्ये गेले तर सर्व्हर चालू दिसतो, पण कुणालाही उत्तर देत नाही. त्यापेक्षा मेमरी संपून एक प्रोसेस मेलेली बरी, निदान कारण कळतं.

मी असं मांडेन. ४८० जीबीची डिस्क म्हणजे प्रत्यक्षात ४४७ जिबीबाइट, डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात म्हणून. जीपीटी पार्टिशन टेबल. ईएसपी (बूटलोडरचा भाग, फर्मवेअर तो वाचतं) १ जीबी, /बूट १ जीबी, उरलेलं सगळं एकच एलव्हीएम ग्रुप (त्यातून हवे तसे व्हॉल्यूम काढता-वाढवता येतात), नाव व्हीजी०. त्यात:

रूट ३०
/व्हार २०
/व्हार/लॉग ६०
/व्हार/लॉग/ऑडिट ५
/व्हार/टीएमपी ५
/टीएमपी ८
/होम १०
स्वॅप ८

बेरीज १४६. सुमारे ३०० जीबी कुणालाही न देता ग्रुपमध्ये मोकळे राहतील, आणि या आराखड्यातली सगळ्यात कामाची जागा तीच. ज्याला जेव्हा लागेल तेव्हा एका कमांडमध्ये द्यायची:

एलव्हीएक्सटेंड -आर -एल +२०जी /डेव्ह/व्हीजी०/लॉग

(एल मोठा, आर छोटा.) -आर लावलं की आतली फाइलसिस्टिमही त्याच दमात वाढते. अनमाउंट नाही, रीस्टार्ट नाही. ते विसरलात तर व्हॉल्यूम वाढतो, पण डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जुनाच आकडा दाखवत राहतं आणि मग उगाच शोधाशोध होते.

एनव्हीएमईवर दुसरा ग्रुप, १७८८ जिबीबाइट. /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल ६००, त्याच्या वॉलसाठी (प्रत्येक बदल आधी जिथं नोंदला जातो त्या फाइली) ६०, /एसआरव्ही/अपलोड्स ५००. उरलेले सव्वासहाशे मोकळे. डेटाबेस आणि अपलोड्स एका फाइलसिस्टिमवर कधीच नको. कुणीतरी एका दुपारी लाखो फाइली चढवेल आणि डेटाबेस जागेअभावी थांबेल.

गोदाकाठ

काळीमातींच्या दोन प्रश्नांशी सहमत, पण भागांच्या संख्येशी नाही. आठ भाग म्हणजे भरू शकतील अशा आठ जागा. /व्हार/टीएमपीला ५ दिले आणि एखादं बॅकअप टूल तिथं ७ जीबीची तात्पुरती फाइल करतं. ग्रुपमध्ये ३०० जीबी मोकळे असूनही रात्रीचा बॅकअप फसतो. प्रत्येक भिंतीवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग नसेल तर भिंती कमी ठेवाव्यात.

सीआयएस या संस्थेच्या बेंचमार्कमध्ये (सुरक्षेची नियमावली) /टीएमपी, /व्हार, /व्हार/टीएमपी, /व्हार/लॉग, /व्हार/लॉग/ऑडिट, /होम हे सगळे वेगळे मागितलेले असतात. ऑडिटरला ती यादी दाखवायची असेल तर प्रश्नच नाही. तसं बंधन नसेल तर रूट, /व्हार/लॉग आणि डेटा या तिघांत बहुतेक काम भागतं.

दुसरं म्हणजे भिंत घालण्याआधी मूळ वाढ थोपवा. जर्नलडीला (सिस्टिमचे लॉग साठवणारी सर्व्हिस) मर्यादा, लॉगरोटेट (जुने लॉग दाबणारं आणि काढून टाकणारं टूल), पोस्टग्रेसला टेम्प_फाइल_लिमिट, एक्सएफएसवर प्रोजेक्ट कोटा. कोटा तर एका डिरेक्टरीला घालता येतो आणि चालू सर्व्हरवर बदलता येतो.

इन्स्टॉलरच्या आयत्या वाटणीवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नका. रेड हॅटच्या घरातले इन्स्टॉलर मोठी डिस्क दिसली की रूटला ठरावीक जागा देऊन उरलेलं सगळं /होमला देतात, तेही एक्सएफएसमध्ये. ते मागाहून लहान करता येत नाही. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर उलट करतो. २० ते २०० जीबीच्या ग्रुपमध्ये रूटला निम्मीच जागा देतो, २०० च्या वर १०० जीबी. उरलेली ग्रुपमध्ये पडून असते. "डिस्क २०० ची घेतली, डीएफ १०० च का दाखवतं" याचं उत्तर तिथं आहे. व्हीजीएस चालवून पाहा, मोकळी जागा दिसेल.

मांडवी

फाइलसिस्टिमबद्दल.

एक्सएफएस वाढतं, घटत नाही. एक्सटी४ घटतं, पण अनमाउंट करून. एलव्हीएममध्ये एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर सिस्टिमच्या भागांना (रूट, /व्हार, लॉग, होम) एक्सटी४ द्या. डेटाबेसला दोन्ही चालतात. सुरुवातीला कमी द्या, मागाहून वाढवा हा नियम एक्सएफएसला तर जास्तच लागू. फक्त अगदीच चिमुकलं बनवून पुढे शंभरपट फुगवू नका. एक्सएफएसचे आतले अलोकेशन ग्रुप बनवतानाच्या आकारावरून ठरतात, मग शेकडो बारके ग्रुप तयार होतात आणि वेग जातो.

एक्सटी४ मध्ये दोन गोष्टी बनवतानाच बघायच्या.

पहिली, राखीव जागा. ५ टक्के ब्लॉक रूट युजरसाठी बाजूला ठेवलेले असतात. रूट आणि /व्हारवर ते हवेतच. भरल्यावरही रूटला लॉगिन करून साफसफाई करता येते ती त्यामुळेच. पण ५०० जीबीच्या अपलोड्सवर ते २५ जीबी होतात आणि तिथं त्यांचा उपयोग शून्य. ट्यूनटूएफएस -एम १ चालवून १ टक्क्यावर आणा, माउंट असतानाही चालतं.

दुसरी, आयनोड, म्हणजे फाइलीची नोंद; प्रत्येक फाइलीला एक लागतो. दर १६ केबीला एक, आणि हे प्रमाण बनवतानाच कायमचं ठरतं. ५०० जीबीला ३ कोटी २७ लाख आयनोड मिळतात. ३०० केबीच्या फाइली भरायच्या असतील तर १७-१८ लाख फाइलींत जागाच संपेल, आयनोडची चिंता नाही. पण २० जीबीच्या /व्हारला १३ लाखच मिळतात. तिथं सेशनच्या किंवा मेलच्या रांगेच्या एक-एक केबीच्या फाइली साचल्या तर डीएफ -एच म्हणेल निम्मी जागा रिकामी, आणि नवी फाइल करायला गेलं की "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". अशा वेळी डीएफ -आय बघायचं. मॉनिटरिंगमध्ये दोन्ही आकडे हवेत. एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवतं, तिथं ही अडचण सहसा येत नाही.

पाणंद

लॉगचा हिशेब राहिला. भारतातल्या सर्व्हरसाठी तो आवडीनिवडीचा विषय नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग सलग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेही भारताच्या हद्दीत. म्हणून गणित १८० वरून सुरू करा.

रोज २ जीबी कच्चे. मजकुराचे लॉग जीझिपने साधारण दहाव्या हिश्शावर येतात, म्हणजे दिवसाला २०० एमबी. १८० दिवसांचे ३६ जीबी. चालू दिवसाचे २ आणि डिले-कॉम्प्रेस लावल्यामुळे आदल्या दिवसाचे न दाबलेले २. झाले ४०. गडबडीच्या दिवशी ॲप्लिकेशन डीबगवर गेलं तर दिवसाला दहापट लिहितं, त्यासाठी निम्मी जागा आणखी. ६० आले. काळीमातींचा आकडा बरोबर आहे.

दोन खोडी मात्र आहेत. लॉगरोटेटमध्ये मॅक्ससाइझ लिहिलं म्हणजे फाइल त्या आकारावर थांबते असं नाही. लॉगरोटेट चालेल तेव्हाच ते तपासतं, आणि डेबियनमध्ये ते दिवसातून एकदा चालतं. फाइल सकाळी फुगली तर रात्रीपर्यंत कुणी बघणार नाही. टायमर ताशी करा.

दुसरी खोडी जास्त महत्त्वाची. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग साध्या फाइलींत लिहिणारी सर्व्हिस) आयतं येत नाही, सिस्टिमचे लॉग फक्त जर्नलडीकडे असतात. आणि जर्नलडी मूळ सेटिंगमध्ये फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंतच वापरतं, तेही कमाल ४ जीबी. त्यापुढे जुन्या नोंदी गुपचूप टाकून देतं. १८० दिवस राहतील असं धरून चालू नका. जर्नलडी.कॉन्फमध्ये सिस्टिममॅक्सयूज स्वतः लिहा (उदा. १५जी), नाहीतर आरसिसलॉग टाकून दुसऱ्या मशिनवर प्रत पाठवा. खरं तर प्रत हवीच. ज्या सर्व्हरवर घुसखोरी झाली त्याच सर्व्हरवरचे लॉग पुरावा म्हणून कितपत टिकतील?

ऑडिटडी (सुरक्षेच्या नोंदी ठेवणारी सर्व्हिस) वापरणार असाल तर तिचा भाग वेगळा ठेवण्याचं कारणही कळून घ्या. ऑडिटची जागा संपल्यावर काय करायचं हे तिच्या सेटिंगमध्ये असतं: नोंदी थांबवा, सिंगल युजरमध्ये जा, किंवा मशिन बंद करा. कडक नियमावलीत शेवटचा पर्याय निवडलेला असतो. तो भाग /व्हार/लॉगमध्येच असेल तर एनजिनएक्सच्या लॉगमुळे अख्खा सर्व्हर बंद पडेल.

सह्यकडा

खूप उपयोगी. /यूएसआर काढलं, स्वॅप ८ केलं. आता दोन शंका.

/टीएमपीवर नोएक्झेक (तिथली फाइल चालवायला मनाई) लावावं का? जावा आणि एपीटीला (पॅकेज टाकणारं टूल) त्याचा त्रास होतो असं वाचलंय.

आणि पोस्टग्रेसचा वॉल खरंच वेगळा हवा का? दोन्ही एकाच एनव्हीएमई जोडीवर आहेत, वेग तर वाढणार नाही.

मांडवी

/टीएमपी: नोडेव्ह, नोएसयूआयडी (डिव्हाइस फाइली आणि मालकाच्या हक्कानं चालणारे प्रोग्राम बंद) बिनधास्त लावा. नोएक्झेकही लावा, पण काय मोडतं ते माहीत असू द्या.

एपीटी पॅकेज टाकण्याआधी प्रश्नांच्या स्क्रिप्ट /टीएमपीमध्ये काढून तिथूनच चालवतं. "परमिशन डिनाइड" असे इशारे दिसतील. एपीटीच्या सेटिंगमध्ये एपीटी::एक्स्ट्रॅक्टटेम्प्लेट्स::टेम्पडिर ला नोएक्झेक नसलेली डिरेक्टरी द्या.

जावात काही लायब्ररी स्वतःच्या पोटातली .एसओ फाइल /टीएमपीमध्ये काढून लोड करतात. नोएक्झेक असेल तर "फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट" अशी चूक येते. वाचणाऱ्याला वाटतं मेमरी कमी पडली, आणि लोक हीप वाढवत बसतात. उपाय म्हणजे ॲप्लिकेशनला -डीजावा.आयओ.टीएमपीडिर देऊन त्याची स्वतःची डिरेक्टरी दाखवा. सिस्टिमडीचं प्रायव्हेटटीएमपी इथं कामाला येत नाही. ती डिरेक्टरी त्याच /टीएमपीच्या पोटात असते, नोएक्झेक तिलाही लागू.

जावाचाच आणखी एक मुद्दा. मेमरी संपल्यावर हीप डम्प काढण्याचा पर्याय चालू असेल तर २४ जीबीच्या हीपची जवळपास तेवढीच फाइल पडते, आणि पाथ दिला नसेल तर ॲप्लिकेशन जिथून सुरू झालं त्या डिरेक्टरीत. तुमचं /व्हार २० चं आहे, रूट ३० चं. /एसआरव्ही/डम्प्स असा ४० जीबीचा भाग करून हीपडम्पपाथ तिकडे वळवा.

पुढे डेबियन १३ वर जाणार असाल तर तिथं /टीएमपी मुळातच रॅममध्ये असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत. एफएसटॅबमध्ये (काय कुठं माउंट करायचं ती यादी) स्वतःची ओळ असली की तीच चालते.

पाणंद

वॉल वेगळा ठेवायचा तो वेगासाठी नव्हे. मुख्य डेटाची जागा संपली तर त्या क्षणीच्या क्वेरीला एरर येते, डेटाबेस उभा राहतो, वाचन चालू राहतं. वॉलची जागा संपली तर पोस्टग्रेस पॅनिक होऊन खाली बसतं. म्हणून डेटाच्या वाढीनं वॉलची जागा खाऊ नये एवढ्यासाठी भिंत.

उलट दिशेनंही तेच. वॉल फुगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरीकडची प्रत, कुठपर्यंत आली याची नोंद). रेप्लिका गेली, स्लॉट तसाच राहिला, की पोस्टग्रेस तिच्यासाठी वॉल साठवत बसतं. मॅक्स_वॉल_साइझ ही मर्यादा तिथं लागू पडत नाही, ती सौम्य सूचना आहे. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ मुळात अमर्याद असतं. ६० जीबीच्या भागाला ते ४०जीबी करा. रेप्लिका पुन्हा उभी करावी लागली तरी चालेल, मुख्य डेटाबेस पडता कामा नये. आर्काइव्ह कमांड फसत राहिली तरी वॉल साचतो, आणि त्याला मात्र ही मर्यादा वाचवत नाही. तिच्यावर वेगळा अलार्म लावा.

आणि भरलाच तर पीजी_वॉलमधल्या १६ एमबीच्या फाइली हाताने उडवू नका. नावात "लॉग" नसलं तरी लोकांना त्या जुन्या लॉगसारख्या वाटतात. त्या गेल्या की डेटाबेस सुरूच होणार नाही असं होऊ शकतं. एलव्हीएक्सटेंडने १० जीबी द्या, पोस्टग्रेस सुरू करा, तो स्वतः सावरतो, मग मूळ कारण शोधा. त्या सव्वासहाशे मोकळ्या जीबींची किंमत इथं कळते.

माउंट पॉइंट कुठला घ्यायचा, हेही सांगतो. /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१५/मेन वर थेट माउंट करू नका. एक्सटी४ च्या मुळाशी लॉस्ट+फाउंड असतं, इनिटडीबी अशा रिकाम्या नसलेल्या डिरेक्टरीत काम करायला नकार देतं. वर /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल इथं माउंट केलं की आणखी एक फायदा: १५ वरून १७ वर जाताना पीजी_अपग्रेड --लिंक वापरता येतं. ते हार्डलिंक करतं, आणि हार्डलिंक दोन फाइलसिस्टिमच्या मध्ये होत नाही. १५ ला स्वतंत्र भाग दिला असेल तर ६०० जीबी कॉपी करत बसावं लागतं.

हीच गोष्ट अपलोड्सला लागू. ॲप्लिकेशन आधी तात्पुरती फाइल /टीएमपीमध्ये घेऊन मग /एसआरव्ही/अपलोड्समध्ये "हलवत" असेल, तर एका फाइलसिस्टिमवर ते नुसतं नाव बदलणं असतं, क्षणात आणि पूर्ण. दोन फाइलसिस्टिम झाल्या की रीनेम चालत नाही. काही कोड एररच देतो, काही गुपचूप कॉपी करतो आणि वाचणाऱ्याला अर्धी फाइल दिसू शकते. तात्पुरती डिरेक्टरी /एसआरव्ही/अपलोड्सच्या आतच ठेवा.

गोदाकाठ

एफएसटॅबबद्दल कुणी बोललं नाही, आणि वाटणी चांगली असूनही सर्व्हर अडकतो तो तिथंच.

अपलोड्सची ओळ अशी असावी:

यूयूआयडी=… /एसआरव्ही/अपलोड्स एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोडेव्ह,नोएसयूआयडी,नोएक्झेक,नोफेल ० २

/डेव्ह/एनव्हीएमई१एन१ असं नाव लिहू नका. रीबूटनंतर एनव्हीएमईचे क्रमांक बदलू शकतात. यूयूआयडी (फाइलसिस्टिमची स्वतःची ओळख) लिहा, किंवा एलव्हीएमचं /डेव्ह/मॅपरमधलं नाव.

नोफेल (माउंट झालं नाही तरी बूट चालू ठेव) नसेल आणि डिस्क दिसली नाही, तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. नेटवर्क नाही, एसएसएच नाही. रूटचा पासवर्ड मागतं, तो बऱ्याच ठिकाणी लॉक केलेला असतो. एका डेटा डिस्कपायी डेटा सेंटरपर्यंत जावं लागतं. सिस्टिमच्या भागांना नोफेल नको, डेटाच्या भागांना हवा.

पण नोफेलची दुसरी बाजूही सांभाळा. माउंट झालं नाही तरी सर्व्हर वर येतो, /एसआरव्ही/अपलोड्स ही रिकामी डिरेक्टरी तिथं असतेच, आणि ॲप्लिकेशन आनंदानं तिच्यात, म्हणजे रूटमध्ये, फाइली लिहायला लागतं. मागाहून डिस्क माउंट केली की त्या फाइली खाली झाकल्या जातात. लोक म्हणतात फाइली गायब, आणि रूट भरलेलं असतं पण डीयूला (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) काही सापडत नाही.

बंदोबस्त सोपा आहे. माउंट होण्याआधी, रिकाम्या डिरेक्टरीवर:

सीएचॲटर +आय /एसआरव्ही/अपलोड्स

आता माउंट नसताना तिथं रूटलासुद्धा लिहिता येणार नाही. माउंट झाल्यावर वरच्या फाइलसिस्टिमला त्याचा काही अडथळा नाही.

झाकलेलं काही आहे का ते पाहायला:

माउंट --बाइंड / /एमएनटी
डीयू -एक्सएसएच /एमएनटी/एसआरव्ही/अपलोड्स /एमएनटी/व्हार
यूमाउंट /एमएनटी

बाइंड फक्त रूटचीच फाइलसिस्टिम दाखवतं, वर चढवलेले माउंट नाही, त्यामुळे खालचं उघडं पडतं. तिथंही काही नसेल आणि डीएफ-डीयूचा मेळ बसत नसेल तर एलएसओएफ +एल१. उडवलेली पण कुठल्या तरी प्रोसेसनं उघडी धरलेली फाइल जागा सोडत नाही, ती प्रोसेस रीस्टार्ट केल्यावरच सुटते.

एफएसटॅब बदलल्यावर रीबूटची वाट बघू नका. फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, मग माउंट -ए. तिन्ही निमूट पार पडलं तरच सर्व्हर सोडा.

रातराणी

एक भर. असे भाग आधी केलेले नसतील आणि चालू सर्व्हरवर /व्हार/लॉग वेगळं करायचं असेल तर क्रम हा: नवा व्हॉल्यूम /एमएनटीवर माउंट करा, आरसिंक -एएचएएक्स /व्हार/लॉग/ /एमएनटी/ (/व्हार/लॉग/ च्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर आत आणखी एक लॉग तयार होईल). मग लिहिणाऱ्या सर्व्हिस थांबवा, आरसिंक --डिलीटसह पुन्हा चालवा, आता सेकंदातच होतं. जुनी डिरेक्टरी लॉग.जुनं अशा नावानं बाजूला करा, त्याच मालकीची रिकामी डिरेक्टरी बनवा, एफएसटॅबची ओळ, माउंट -ए. सर्व्हिस आणि जर्नलडी रीस्टार्ट. एलएसओएफने लॉग.जुनं कुणी धरून बसलंय का पाहा. रेड हॅटच्या कुळातल्या मशिनवर रीस्टोअरकॉन -आर /व्हार/लॉग चुकवू नका, सुरक्षेचं (एसईलिनक्सचं) लेबल चुकलं तर सर्व्हिस सुरूच होत नाहीत आणि परमिशन तर सगळ्या बरोबर दिसतात.

क्लाउडवर असाल तर यातलं बरंचसं बदलतं. तिथं एका डिस्कचे भाग पाडण्यापेक्षा प्रत्येक कामाला स्वतंत्र व्हॉल्यूम जोडा आणि पार्टिशन टेबल न करता त्यावर थेट फाइलसिस्टिम बनवा. वाढवायचं झालं की कन्सोलमधून आकार वाढवा आणि एक्सएफएस_ग्रोएफएस किंवा रीसाइझटूएफएस चालवा. बूट डिस्कवर रूटच्या मागे स्वॅप ठेवू नका. ग्रोपार्ट पार्टिशनला त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतच वाढवतं, मध्ये स्वॅप आलं की वाट बंद. कंटेनर चालवत असाल तर /व्हार/लिब/डॉकर वेगळं हवंच, आणि डॉकरच्या जेसन लॉगला मुळात मर्यादा नसते. मॅक्स-साइझ घाला, तीही जुन्या कंटेनरला लागू होत नाही, ते नव्यानं बनवावे लागतात.

सह्यकडा

दुरुस्त आराखडा: काळीमातींचे सगळे आकडे, अधिक /एसआरव्ही/डम्प्स ४० जीबी व्हीजी० मधून. सिस्टिमला एक्सटी४, पोस्टग्रेसच्या दोन्ही भागांना एक्सएफएस, अपलोड्सला एक्सटी४ आणि राखीव १ टक्का. वॉल /व्हार/लिब/पीजीवॉल इथं माउंट करून पीजी_वॉलचा सिमलिंक तिकडे. डेटाच्या सगळ्या ओळींना नोफेल, माउंट पॉइंटवर +आय.

ईएसपी मिररमध्ये कसं ठेवायचं एवढं राहिलं. आणि माउंट न होता पोस्टग्रेस सुरू झालं तर?

काळीमाती

ईएसपी: फर्मवेअरला सॉफ्टवेअर रेड (सॉफ्टवेअरनं केलेला मिरर) कळत नाही. दोन्ही एसएसडींवर स्वतंत्र ईएसपी करा, ग्रब (बूटलोडर) अपडेट झाला की पहिल्यावरून दुसऱ्यावर आरसिंक, आणि ईएफआयबूटएमजीआरने दुसऱ्याची नोंद. /बूट/ईएफआयच्या ओळीला नोफेल लावाच. नाहीतर पहिली एसएसडी गेल्यावर मिरर शाबूत असूनही सर्व्हर त्या एका यूयूआयडीसाठी इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, आणि मिरर केल्याचा उपयोगच राहत नाही.

पोस्टग्रेस: डेबियनच्या पोस्टग्रेसक्यूएल@.सर्व्हिसमध्ये डेटा डिरेक्टरीसाठी रिक्वायर्समाउंट्सफॉर (हे माउंट झाल्याशिवाय सुरू होऊ नको) आधीच लिहिलेलं आहे, त्यामुळे /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएलची काळजी घेतली जाते. तुमच्या वॉलचा पाथ मात्र त्याला माहीत नाही. सिस्टिमसीटीएल एडिट पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन.सर्व्हिस करून युनिटच्या भागात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/व्हार/लिब/पीजीवॉल घाला. नुसतं पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस एडिट करून काही होत नाही, ती फक्त आवरण आहे. जावा ॲप्लिकेशनच्या युनिटमध्ये तशीच ओळ /एसआरव्ही/अपलोड्ससाठी.

डेटा भरण्याआधी एकदा अपलोड्सच्या ओळीतला यूयूआयडी मुद्दाम चुकवून रीबूट करा. सर्व्हर वर यायला हवा, एसएसएच लागायला हवं, आणि ॲप्लिकेशन "डिपेंडन्सी फेल्ड" म्हणून थांबलेलं दिसायला हवं. तसं दिसलं की यूयूआयडी जागेवर आणा.